वाइड रिसीव्हरचे ड्राफ्टपूर्व मूल्यमापन

वाइड रिसीव्हरचे ड्राफ्टपूर्व मूल्यमापन म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर या स्थानावर खेळणारा खेळाडू नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेत कितपत यशस्वी होईल, याची संघांनी केलेली पारख होय. सामन्यांच्या चित्रफिती, शारीरिक मोजमापे, आकडेवारी, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती ही या पारखीची प्रमुख साधने आहेत. महाविद्यालयात दिसलेल्या यशात खेळाडूचा स्वतःचा वाटा किती आणि संघाच्या खेळपद्धतीचा किती, हे ठरविणे हा या मूल्यमापनातील मुख्य आणि सर्वांत कठीण प्रश्न मानला जातो.

स्थानाचे स्वरूप

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. आक्रमक संघाला दहा यार्ड (सुमारे ९ मीटर) पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक हा खेळाडू चेंडू पुढे फेकतो आणि तो झेलण्याचे काम मुख्यतः वाइड रिसीव्हर करतो. प्रत्येक डावपेचात रिसीव्हरने कोणत्या मार्गाने, किती पावले धावायचे आणि कोठे वळायचे हे आधीच ठरलेले असते. या मार्गाला ‘रूट’ म्हणतात. रिसीव्हर वळण्यापूर्वीच क्वार्टरबॅकने चेंडू सोडलेला असण्याचा संभव असतो. त्यामुळे ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी पोहोचणे हे झेल घेण्याइतकेच महत्त्वाचे असते. रिसीव्हरवर लक्ष ठेवणाऱ्या बचावपटूस कॉर्नरबॅक म्हणतात.

मैदानाच्या कडेजवळ उभ्या राहणाऱ्या रिसीव्हरला बाहेरचा रिसीव्हर आणि आतल्या बाजूस उभ्या राहणाऱ्याला ‘स्लॉट’ रिसीव्हर म्हणतात. आतल्या बाजूस सुरुवातीलाच होणारा अडथळा सहसा कमी असतो आणि वळण्यास दोन्ही दिशा मोकळ्या असतात. बाहेरच्या बाजूस कडेची रेषा हीच एक मर्यादा ठरते.

ड्राफ्टची पद्धत

एनएफएलमधील पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही पद्धत सुचविली होती. भारतातील क्रिकेट किंवा कबड्डीच्या लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि अधिक बोली लावणाऱ्या संघाकडे खेळाडू जातो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. आधीच्या हंगामात खालच्या क्रमांकावर राहिलेले संघ प्रथम निवड करतात. संघ आपापसांत हे क्रम बदलून घेऊ शकतात, मात्र आपण कोणत्या संघात जावे हे ठरविण्याचा अधिकार खेळाडूला नसतो. १९९४ पासून ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. माध्यमिक शिक्षण संपल्यापासून किमान तीन वर्षे झालेल्या खेळाडूलाच ड्राफ्टमध्ये प्रवेश मिळतो.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या करारानुसार नव्या खेळाडूचे वेतन निवडीच्या क्रमांकाशी बांधलेले आहे. निवड झालेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि पहिली तीन वर्षे त्यात बदल करता येत नाही. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत पाचवे वर्ष वाढविण्याचा पर्याय संघाकडे असतो. त्यामुळे मूल्यमापनात चूक झाल्यास संघ एक महत्त्वाची निवड गमावतो, तर कमी लेखला गेलेला खेळाडू कारकिर्दीची अनेक वर्षे आपल्या योग्यतेपेक्षा कमी वेतनावर खेळतो. दुखापतींमुळे कारकिर्दी अल्पकाळाच्या ठरणाऱ्या या खेळात हे नुकसान लहान नसते.

महाविद्यालयीन आणि व्यावसायिक खेळातील फरक

दोन्ही स्तरांवरील नियमांत आणि खेळपद्धतीत असलेले फरक मूल्यमापनात विचारात घ्यावे लागतात. महाविद्यालयीन नियमांनुसार झेल घेताना एक पाय मैदानाच्या आत टेकला तरी पुरते, व्यावसायिक खेळात दोन्ही पाय टेकावे लागतात. मैदानाच्या मधोमध असलेल्या खुणांच्या दोन ओळींतील अंतर महाविद्यालयात ४० फूट, तर एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच असते. प्रत्येक डावपेच या खुणांच्या दरम्यान किंवा त्यांवरून सुरू होत असल्याने महाविद्यालयीन खेळात एका बाजूस पुष्कळ मोकळी जागा मिळते. त्या जागेचा लाभ घेण्यासाठी अनेक महाविद्यालये मोजकेच रूट वारंवार वापरतात.

बचावाच्या नियमांतही फरक आहे. एनएफएलमध्ये १९७८ पासून बचावपटूला रिसीव्हरला अडविण्यासाठी धक्का देण्याची मुभा पहिल्या पाच यार्डांपुरतीच आहे. तरीही त्या पाच यार्डांत व्यावसायिक कॉर्नरबॅक ज्या ताकदीने आणि कौशल्याने हात वापरतात, तसा अनुभव महाविद्यालयात क्वचितच येतो. ज्या खेळाडूला तेथे कोणी अडविलेच नाही, त्याच्या मोकळ्या धावांवरून पुढील यशाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

चित्रफितींचा अभ्यास

संघांचे स्काउट खेळाडूच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून टिपणे तयार करतात. त्यासाठी उंचावरून घेतलेली, बावीसही खेळाडू दिसतील अशी चित्रफीत वापरली जाते, कारण दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो आणि चेंडू न मिळालेला रिसीव्हर चौकटीबाहेर राहतो. साधारणतः पुढील बाबी तपासल्या जातात.

सुरुवात : समोर उभ्या असलेल्या बचावपटूचे हात चुकवून रिसीव्हर किती लवकर आपल्या मार्गाला लागतो.

वळणे : वळण्यापूर्वी पावले आखूड करून किंवा खांदे उचलून तो आपला इरादा उघड करतो काय. वेगात धावताना एकाएकी थांबता येणे हे या स्थानावरील दुर्मीळ कौशल्य समजले जाते.

मोकळीक : चेंडू येतेवेळी बचावपटू आणि रिसीव्हर यांच्यात किती अंतर उरते.

झेल : चेंडू शरीरापासून दूर, तळव्यांत घेतला जातो की छातीवर अडविला जातो. बचावपटू अंगाला भिडलेला असताना घेतलेल्या झेलांची वेगळी नोंद केली जाते.

झेलानंतरची धाव : पकड चुकवून किंवा मोडून खेळाडू किती यार्ड मिळवितो.

चेंडूविना खेळ : दुसरा खेळाडू चेंडू घेऊन धावत असताना रिसीव्हर बचावपटूंना अडवितो काय. या बाबीवरून खेळाडूच्या वृत्तीविषयीही अनुमान काढले जाते.

बचावपटूच्या अंगावरून घेतलेले झेल प्रेक्षकांना आकर्षक वाटतात. मात्र असे झेल वारंवार घ्यावे लागत असतील, तर खेळाडूला मोकळीक मिळविता येत नाही असाही त्याचा अर्थ होऊ शकतो, हे अनुभवी स्काउट ध्यानात ठेवतात.

कंबाइनमधील मोजमापे

ड्राफ्टपूर्वी निमंत्रित खेळाडूंची सामाईक चाचणी घेतली जाते, तिला ‘कंबाइन’ म्हणतात. ती १९८७ पासून इंडियानापोलिस येथे भरते. उंची, वजन, हाताची लांबी आणि पंजाची रुंदी मोजल्यानंतर ४० यार्डांची (सुमारे ३६.६ मीटर) धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, तीन शंकूंभोवतीची धाव आणि २० यार्डांची दिशाबदल धाव या चाचण्या होतात. रिसीव्हरना मैदानाच्या रुंदीत धावत दोन्ही बाजूंनी येणारे चेंडू लागोपाठ झेलण्याचाही सराव करून दाखवावा लागतो. महाविद्यालये आपल्या आवारात ‘प्रो डे’ आयोजित करतात, तेथे कंबाइनला न बोलाविलेल्यांना संधी मिळते.

या सर्वांत ४० यार्डांच्या धावेला सर्वाधिक प्रसिद्धी मिळते. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन रॉस याने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापून विक्रम केला आणि सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. दुखापतींनी ग्रासलेल्या पहिल्या हंगामात त्याला एकही झेल घेता आला नाही. २०२४ मध्ये टेक्सासच्या झेवियर वर्दी याने ४.२१ सेकंदांची नोंद करून रॉसचा विक्रम मोडला.

सरळ रेषेतील वेग उपयुक्त असला तरी ही धाव अडथळ्याविना, वळणाविना आणि चेंडूविना होते. त्यामुळे अनेक मूल्यमापक तिचा उपयोग चित्रफितीत दिसलेल्या वेगाची खातरजमा करण्यापुरताच करतात.

आकडेवारी

एकूण झेल आणि यार्ड हे आकडे संघाच्या पद्धतीवर अवलंबून असतात. सतत चेंडू फेकणाऱ्या संघातील साधारण रिसीव्हरचे आकडेही फुगलेले दिसतात. म्हणून संघाने फेकींतून मिळविलेल्या एकूण यार्डांत खेळाडूचा वाटा किती, आणि त्याने धावलेल्या प्रत्येक रूटमागे सरासरी किती यार्ड मिळविले, असे तुलनात्मक मापदंड वापरले जातात. वयाचाही विचार होतो. एकोणिसाव्या वर्षी संघाचा प्रमुख रिसीव्हर झालेल्या खेळाडूचे यश तेविसाव्या वर्षी, आपल्याहून लहान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळविलेल्या यशापेक्षा अधिक आशादायक मानले जाते.

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत

सर्व संघांना खेळाडूंची वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी करता यावी, हा कंबाइनच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता. गुडघा, घोटा, मांडीचे स्नायू आणि मान यांच्या जुन्या दुखापतींकडे विशेष लक्ष दिले जाते. मुलाखतीत खेळाडूला आपल्या संघाचे डावपेच फळ्यावर मांडण्यास सांगतात. ५० प्रश्नांची आणि १२ मिनिटांची वंडरलिक बुद्धिचाचणी २०२२ पासून कंबाइनमध्ये घेतली जात नाही.

मुलाखतींच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. २०१० मध्ये ओक्लाहोमा स्टेटचा रिसीव्हर डेझ ब्रायंट याला एका संघाच्या महाव्यवस्थापकाने त्याच्या आईविषयी अवमानकारक प्रश्न विचारला. हे प्रकरण प्रसिद्ध झाल्यावर त्या अधिकाऱ्याने जाहीर माफी मागितली. अशा प्रश्नांबद्दल संघाला दंड होईल आणि ड्राफ्टमधील निवडही गमवावी लागेल, असे लीगने २०२२ मध्ये संघांना कळविले.

उल्लेखनीय उदाहरणे

जेरी राइस (१९८५) : मिसिसिपी व्हॅली स्टेट या तुलनेने लहान, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेचा हा खेळाडू खालच्या स्तरावर खेळला होता. त्याचे आकडे मोठे असले तरी प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि त्याचा वेग यांविषयी शंका घेतल्या गेल्या. अल टून आणि एडी ब्राउन या दोन रिसीव्हरांनंतर, सोळाव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने त्याला निवडले. निवृत्तीच्या वेळी त्याच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड हे लीगचे विक्रम होते.

२००३ चा ड्राफ्ट : चार्ल्स रॉजर्स दुसऱ्या, आंद्रे जॉन्सन तिसऱ्या, तर अँक्वान बोल्डिन चोपन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला. रॉजर्सच्या गळपट्टीचे हाड लागोपाठ दोन हंगामांत मोडले आणि त्याची कारकीर्द १५ सामन्यांत संपली. जॉन्सनची पुढे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. बोल्डिनने ४० यार्डांसाठी सुमारे ४.७ सेकंद घेतल्याने त्याची निवड लांबली असे मानले जाते. त्याने पहिल्याच सामन्यात २१७ यार्ड आणि पहिल्या हंगामात १०१ झेल मिळविले.

हेवर्ड-बे आणि क्रॅबट्री (२००९) : टेक्सास टेकच्या मायकेल क्रॅबट्री याने सर्वोत्तम महाविद्यालयीन रिसीव्हरला दिला जाणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार दोनदा मिळविला होता, परंतु पायाच्या दुखापतीमुळे तो कंबाइनमध्ये धावू शकला नाही. मेरीलँडच्या डॅरियस हेवर्ड-बे याने ४.३० सेकंदांची नोंद केली. ओकलंड रेडर्सने हेवर्ड-बेला सातव्या क्रमांकावर घेतले आणि क्रॅबट्री दहाव्या क्रमांकावर गेला. हेवर्ड-बेला एकाही हंगामात हजार यार्डांचा टप्पा गाठता आला नाही, क्रॅबट्रीने तो दोनदा गाठला.

डीके मेटकाफ (२०१९) : १०३ किलोग्रॅम वजन असूनही त्याने ४० यार्ड ४.३३ सेकंदांत पार केले. मात्र तीन शंकूंच्या धावेस ७.३८ सेकंद लागल्याने त्याच्या वळण्याच्या क्षमतेविषयी शंका निर्माण झाली. आदल्या हंगामात मानेला झालेली दुखापतही संघांपुढे होती. तो नववा रिसीव्हर म्हणून, चौसष्टाव्या क्रमांकावर सिएटल सीहॉक्सकडे गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने १,३०३ यार्ड मिळविले.

जस्टिन जेफरसन (२०२०) : लुइझियाना स्टेटच्या या खेळाडूने २०१९ च्या हंगामात १११ झेल घेतले, पण ते प्रामुख्याने स्लॉटमधून आणि अत्यंत प्रभावी आक्रमणाचा भाग म्हणून. बाहेरच्या बाजूस तो टिकेल काय, असा प्रश्न विचारला गेला. फिलाडेल्फियाने एकविसाव्या क्रमांकावर जेलन रेगर याची निवड केली आणि लगेच पुढच्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जने जेफरसनला घेतले. पहिल्याच हंगामात त्याने १,४०० यार्ड मिळविले.

पुका नाकुआ (२०२३) : दुखापतींमुळे महाविद्यालयीन कारकीर्द खंडित झालेला हा खेळाडू १७७ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सने निवडला. त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड हे पहिल्या हंगामातील खेळाडूसाठी त्या वेळी विक्रमी होते.

मर्यादा

वरील उदाहरणांतून कोणतेही एक साधन पुरेसे नसल्याचे दिसते. वेगवान खेळाडू अपयशी ठरतात म्हणून वेग निरुपयोगी ठरत नाही. जॉन्सन आणि मेटकाफ हे दोघेही असाधारण वेगवान होते. त्याचप्रमाणे अपयशी ठरलेली प्रत्येक निवड ही पारखीतील चूक नसते. दुखापत, क्वार्टरबॅकचा दर्जा, प्रशिक्षकांतील बदल आणि संघाची खेळपद्धती यांचा परिणाम निवडीनंतर होतो आणि तो आधी मोजता येत नाही. स्टॉपवॉचने मोजता येणारे गुण सर्व संघांना सारखेच दिसतात. मोकळीक मिळविण्याची हातोटी, वळणांतील अचूकता आणि बचावाचे वाचन यांविषयी मात्र संघासंघांत मतभेद राहतात, आणि बोल्डिन किंवा नाकुआ यांच्यासारखे खेळाडू उशिरा निवडले जाण्यामागे हे मतभेद मोठ्या प्रमाणावर असतात.