बाजारांत उरलेली भाषा

राज्य गेलें म्हणजे त्याच्या मागोमाग भाषाही जाते, असा एक समज आहे. स्कॉटलंडचा इतिहास चाळतांना हा समज पुरता खरा नाहीं, असें आम्हांस दिसून आलें. १७०७ सालीं स्कॉटलंड व इंग्लंड यांचीं पार्लमेंटें एक झालीं, चलन एक झालें, आणि स्कॉट पौंडाची किंमत इंग्रजी पौंडाच्या बाराव्या हिश्शाइतकी ठरली. सहा स्कॉट पेन्सांचें 'बॉबी' हें नाणें पुढें नाहींसें झालें. पण नांव उरलें. लोक इंग्रजी अर्ध्या पेनीलाच बॉबी म्हणूं लागले!

असे शब्द एक-दोन नव्हेत. शेतावर गडी ठरवितांना मालक त्याच्या हातावर जें नाणें ठेवी, तें 'आर्ल्स'. आपला विसार तो हाच. तें घेतलें कीं करार पक्का, मग कागद असो वा नसो. जाहीर लिलाव तो 'रौप', जमिनीचा पट्टा तो 'टॅक', गहाण तें 'वॉडसेट'. सार्वजनिक वजनकाट्यास 'ट्रॉन' म्हणत. तो काटा गेला. परंतु ग्लासगोंतील ट्रॉनगेट रस्ता व एडिंबरोंतील ट्रॉन चर्च यांच्या नांवांत त्याची आठवण आजही आहे. तिकडे वाणसामान आणावयास निघालेली गृहिणी अद्यापि 'मेसेजेस' आणावयास निघते, आणि निरोप कोणाचा, म्हणून इंग्रज पाहुणा बुचकळ्यांत पडतो!

हे शब्द टिकले कसे? एकीकरणाच्या तहानें स्कॉटलंडचा कायदा व न्यायालयें राखलीं, हें एक कारण. जमीनधारणेची 'फ्यू' पद्धत तर २००४ सालीं बंद झाली. दुसरें कारण असें कीं, पैशाच्या व्यवहारांत मनुष्य ओळखीच्या शब्दावरच विश्वास ठेवतो.

विद्वानांचें वर्तन मात्र उलट. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्ववेत्त्यानें १७५२ सालीं टाळावयाच्या स्कॉट प्रयोगांची यादी प्रसिद्ध केली; जेम्स बीटीनें १७८७ सालीं तसें पुस्तकच छापलें. पुढें १८०८ सालीं जॉन जेमिसन या धर्मोपदेशकानें स्कॉट शब्दांचा कोश मोठ्या मानानें रचला. पण तोंवर ते शब्द सांभाळले कोणीं? गड्यांनीं, दुकानदारांनीं आणि घरच्या बायकांनीं.

आम्ही इंग्रजी शिकलेलीं माणसें. विसार देतांना 'अ‍ॅडव्हान्स' म्हणावयास आमची जीभ अडखळत नाहीं. तेव्हां ह्यूमला हंसण्याचा अधिकार आम्हांस कितपत पोंचतो, हें वाचकांनींच ठरवावें.