रॉक मशीन ते इंडस क्रीड : मुंबईच्या एका रॉक बँडचा प्रवास

मराठी माणसाला 'बँड' म्हटलं की आधी वरात आठवते. पण ऐंशीच्या दशकात मुंबईत काही तरुण गिटार, ड्रम आणि कीबोर्ड घेऊन स्वतःची इंग्रजी गाणी गायला उभे राहिले. देशभर नाव कमावलं, एमटीव्हीचा पुरस्कार मिळवला आणि यशाच्या काळातच बँड बंदही केला. हा बँड म्हणजे 'रॉक मशीन', म्हणजेच नंतरचा 'इंडस क्रीड'.

सुरुवात कशी झाली?

रॉक मशीनची स्थापना १९८४ मध्ये मुंबईत झाली. त्या काळी कॉलेज फेस्टिव्हलमध्ये वाजवणारे बँड बरेच होते, पण बहुतेक जण डीप पर्पल, लेड झेपलिनसारख्या परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवायचे. प्रेक्षकांनाही तीच हवी असायची. स्वतःचं गाणं सुरू केलं की हुर्यो होण्याची भीती.

मुंबईत धोबी तलावजवळचं रंगभवन हे या संगीताचं हक्काचं ठिकाण होतं. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले.

वेगळं काय केलं?

१९८८ मध्ये रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला. भारतीय बँडने स्वतः रचलेल्या इंग्रजी रॉक गाण्यांच्या सुरुवातीच्या मोजक्या अल्बमपैकी हा एक. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही नावं रॉकच्या चाहत्यांना पाठ झाली.

टीव्हीने काय बदललं?

१९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतात आलं. तोपर्यंत असा बँड ऐकायचा तर मोठ्या शहरात कार्यक्रमाला जायचं किंवा कॅसेट मिळवायची. केबलची वायर घरात आल्यावर येवल्यासारख्या तालुक्याच्या गावातही तो दिसण्याची सोय झाली.

याचा मोठा फायदा 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याला झाला. १९९३ च्या एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये आशिया विभागातला प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार या गाण्याला मिळाला.

नाव का बदललं?

त्याच वर्षी रॉक मशीनचा 'इंडस क्रीड' झाला. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. 'इंडस' म्हणजे सिंधू. या नावातून बँड कुठला आहे हे लगेच कळत होतं. आवाजही बदलत गेला. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला, तेव्हा बँड आपल्या जुन्या धडाकेबाज रॉकपासून बराच पुढे आला होता.

मग बँड का थांबला?

इथे ऑस्ट्रेलियाशी तुलना केली तर मुद्दा लवकर लक्षात येतो. १९७७ मध्ये सिडनीत सुरू झालेला 'इनएक्सेस' हा पॉप रॉक बँड आधी पबमध्ये वाजवत तयार झाला. तिथे गावोगावी असे पब होते आणि 'काउंटडाउन'सारखा टीव्ही कार्यक्रम नव्या बँडना देशभर पोहोचवत होता. त्या पायावर उभं राहून इनएक्सेसने १९८७ चा 'किक' हा अल्बम जगभर गाजवला.

भारतात अशी साखळीच नव्हती. नियमित वाजवायला जागा कमी. इंग्रजी गाण्यांचा बाजार छोटा. त्यातच १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा' गाजलं. कंपन्यांचं लक्ष हिंदी-पंजाबी पॉपकडे वळलं. एमटीव्हीचा पुरस्कार होता, पण त्याच्या जोरावर वर्षभर कार्यक्रम मिळतील अशी व्यवस्था नव्हती. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा बँड केला.

पुनरागमन

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्यासोबत आता बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नव्या पिढीचे वादक होते. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. त्याचं मिक्सिंग टिम पामर या नामवंत ब्रिटिश निर्मात्याने केलं. म्हणजे १९९५ नंतरचा पुढचा अल्बम यायला १७ वर्षं लागली.

या मधल्या काळात देशात नवे महोत्सव सुरू झाले होते आणि गाणी इंटरनेटवर आली होती. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडला आता कोणी हसत नव्हतं.

हा बँड महत्त्वाचा का?

इंडस क्रीडचे अल्बम मोजले तर फार नाहीत. रॉक मशीनचे दोन आणि नव्या नावाचे दोन, असे चारच. पण भारतीय बँडने परक्यांची गाणी वाजवत बसायचं की स्वतःची रचायची, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता १९८८ मध्येच निकालात काढला. आज मराठीसह अनेक भाषांत स्वतंत्र बँड आपली गाणी घेऊन उभे राहतात, ती वाट सुरुवातीला पाडणाऱ्यांमध्ये हे मुंबईकर होते.