घरखरेदीचें खत : लेखक, गोही व सॉलिसिटर

जुन्या दप्तरांतून घरांचीं व वाड्यांचीं खरेदीखतें पुष्कळ निघतात. संग्राहकांचें लक्ष प्रथम सनदांकडे व राजपत्रांकडे जातें, आणि हीं खतें मागें राहतात. परंतु दुसऱ्याचें घर विकत घेतांना आपला पैका बुडूं नये म्हणून कोणावर विसंबावें, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं कसा सोडविला तें या खतांवरूनच कळतें. आज तोच प्रश्न ‘सॉलिसिटर कोणता नेमावा’ या रूपानें पुढें येतो. या दोहोंचा संबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम लेखकाचा विचार करूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लेख्याचे जे नियम आहेत ते ऋणाच्या प्रकरणांत आले असले, तरी पुढील काळच्या खतांचा सांगाडा त्यांत दिसतो. वर्ष, मास, पक्ष, तिथि, नांव, जाति, गोत्र व पितृनाम हीं खतांत असावींत. साक्षींनीं पितृनामासह स्वहस्तें साक्ष घालावी. आणि शेवटीं लेखकानें, हा लेख आपण उभयतांच्या विनंतीवरून लिहिला, असें नमूद करावें. हें शेवटलें कलम आम्हांस महत्त्वाचें वाटतें. लेखक एका पक्षाचा नव्हे, दोघांचा. अर्थात् खरेदीदाराच्या हिताची राखण करणें हें त्याचें काम नव्हतें.

मग ती राखण कोण करी? याचें उत्तर मिताक्षरेंत आहे. विज्ञानेश्वरानें उद्धृत केलेल्या स्मृतिवचनाप्रमाणें भूमि सहा गोष्टींनीं दुसऱ्याकडे जाते : स्वग्राम, ज्ञाति, सामंत व दायाद यांची अनुमति, आणि हिरण्य व उदक यांचें दान. या अनुमतींचें प्रयोजनही तो सांगतो. ग्रामाची अनुमति व्यवहार उघड व्हावा म्हणून. सामंतांची, म्हणजे शेजाऱ्यांची, सीमेचा तंटा उद्भवूं नये म्हणून. आणि विभक्त भाऊबंदांची, हे विभक्त कीं अविभक्त अशी शंका पुढें राहूं नये म्हणून. अविभक्तांच्या बाबतींत मात्र सर्वांची अनुमति अवश्यच होय.

मराठी खतें याच वळणावर चाललेलीं आहेत. त्यांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. विकणारा आत्मसंतोषें व राजीरजावंदीनें देतो. भाऊबंदांनीं हरकत केल्यास ती आपण वारूं असें कबूल करतो. आणि खालीं गोहींचीं नांवें येतात. पेशवाईंत पुणें शहरांतील घरांच्या व जागांच्या खरेदीविक्रीवर कोतवालाची देखरेख असे. तात्पर्य, खरेदीदाराची भिस्त लेखणीवर नसून भोंवतालच्या माणसांवर असे.

मुंबईंत निराळी परंपरा आली. इ. स. १७२६ च्या सनदेनें स्थापिलेलें मेयरचें न्यायालय, १७९८ चें रेकॉर्डरचें, पुढें सुप्रीम कोर्ट व १८६२ पासून हायकोर्ट, या क्रमानें इंग्रजी पद्धतीचे अटर्नी व सॉलिसिटर येथें रुजले. १ जानेवारी १९७७ पासून अटर्नी हा निराळा वर्ग कायद्यानें उरला नाहीं. तरी सॉलिसिटर हें नांव व त्याची परीक्षा मुंबईंत चालू आहे. हा मनुष्य उभयतांच्या विनंतीनें लिहिणारा नव्हे. तो आपल्या अशिलाचा. जेथें शेजारी कोण हें ठाऊक नसतें व विकणाऱ्याचे भाऊबंद दूरदेशीं असतात, तेथें पूर्वीच्या चौघांचें काम या एकावर येऊन पडलें.

नोंदणीनें तें काम होत नाहीं काय? १८६४ च्या कायद्यापासून कांहीं दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला, आणि शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होऊं लागली. परंतु नोंदणीनें व्यवहार उघड होतो, म्हणजे ग्रामाच्या अनुमतीचें काम भागतें. विकणाऱ्याच्या स्वामित्वाचा निर्णय होत नाहीं. शिवाय मुंबईसारख्या शहरांत मालकीचे कागद सावकाराच्या स्वाधीन करून गहाण ठेवण्याची रीत कायद्यानें मान्य आहे, व तिला दस्ताची गरज नाहीं. महाराष्ट्रांत अशा गहाणाची सूचना दाखल करण्याची तरतूद २०१३ मध्यें अंमलांत आली. जुनें गहाण केवळ नोंदवही चाळून सांपडेलच असें नाहीं.

यावरून निवडीची कसोटी निघते. जो सॉलिसिटर पहिल्याच भेटींत मूळ कागद कोणापाशीं आहेत हें विचारतो, वारसांची वंशावळ मागतो, चतुःसीमा जागेवर ताडून पाहण्याचा आग्रह धरतो आणि दोहों पक्षांचें काम एकट्यानें पत्करीत नाहीं, तो नेमावा. केवळ मसुदा स्वस्तांत करून देणारा हा नुसता लेखक होय. विकणाऱ्यानेंही असाच मनुष्य पाहावा. कारण स्वामित्वांतील वैगुण्य ठाऊक असून लपविल्यास दोष त्याजकडे येतो.

संग्राहकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यांतून पुढें आला, तर त्यावरील हस्ताक्षर व साक्षी खऱ्या मानण्याची मुभा न्यायालयास १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतही ती कायम आहे. वाड्याच्या रुमालांतून एकच सुरेख खत आम्ही उचलून आणतों, तेव्हां त्या ताब्याची साखळी तुटण्याचा संभव असतो, आणि घरधन्याचा पुरावा दुबळा होतो. म्हणून घर नांदतें असेल तर नक्कल उतरून घ्यावी व मूळ खत रुमालांतच राहूं द्यावें. घर नष्ट झालें असल्यास रुमाल फोडूं नये. कोणाकडून, कोठून व कोणत्या दिवशीं मिळाला हें लिहून तो सबंध ठेवावा.