काउंटरपॉइंट : बिंदूसमोर बिंदू

‘काउंटरपॉइंट’ या शब्दाचे मूळ ‘पुंक्तुस कोंत्रा पुंक्तुम’ या लॅटिन शब्दप्रयोगात आहे. त्याचा अर्थ बिंदूसमोर बिंदू. येथे बिंदू म्हणजे कागदावर लिहिलेला स्वर. ठरलेल्या चालीतील प्रत्येक स्वरासमोर दुसऱ्या चालीचा एकेक स्वर मांडण्याच्या कलेला युरोपात चौदाव्या शतकात हे नाव मिळाले. इटालियनमध्ये त्याचे ‘कोंत्राप्पुंतो’ झाले, तर जर्मनमध्ये ‘कोंट्रापुंक्ट’.

पुढे एका स्वरासमोर दोन किंवा चार स्वर येऊ लागले आणि अर्थही विस्तारला : अनेक स्वतंत्र चाली एकत्र गुंफण्याची विद्या. योहान योसेफ फुक्स यांनी १७२५ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रादुस आद पार्नासुम’ या ग्रंथात तिच्या शिक्षणाचे पाच टप्पे मांडले. हायडन यांनी त्या ग्रंथावरून स्वतः अभ्यास केला आणि बेथोवेन यांनाही त्याच पद्धतीने शिकवले. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चार आवाजांच्या हार्मनी-लेखनातही हीच शिस्त उतरली. दोन आवाज पंचमाचे किंवा सप्तकाचे अंतर राखून एकाच दिशेने सलग सरकले, तर त्यांचे वेगळेपण हरवते; म्हणून विद्यार्थ्याला ते टाळायला शिकवतात.

आज इंग्रजी वादचर्चेत ‘काउंटरपॉइंट’ म्हणजे विरोधी मुद्दा. संगीतातील अर्थ मात्र अधिक समृद्ध आहे : तेथे समोरचा स्वर पहिल्याला खोडत नाही, स्वतःची वाट राखून त्याला साथ देतो.