आधी तिला एकटीला विचारा

आमच्या सांगोल्यात मावशीच्या संसाराचा निकाल नव्वदच्या आसपास ओसरीवर लागला. भावकी सतरंजीवर बसली, चहा दोनदा फिरला, मावशी आत चुलीपाशी. 'नांदायला जाईल,' असं ठरलं. तिला कुणी हाकसुद्धा मारली नाही.

त्याआधीच, १९८४ साली, मुंबईत 'टिस' आणि पोलिसांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्तीचं टेबल! तिथे क्रम उलटा. आधी बाईशी एकटीशी बोलायचं, तिला काय हवंय ते विचारायचं. मग नवरा, सासर. गरज पडली तर पोलीस, कायदा. समुपदेशन आणि संरक्षण वेगळं काढायचं नाही.

त्याच वर्षी कुटुंब न्यायालय कायदाही झाला. समुपदेशक आले, पण कलम ९ न्यायाधीशाला आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतं. मला त्यात थोडी ओसरी दिसते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १४ मात्र समुपदेशन एकेकट्याचं किंवा एकत्र, असं म्हणतं. मी कोड लिहितो. त्या 'किंवा'चं वजन मला कळतं.

मावशीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला एकटीला इचारलं असतं, तर शिलाई मशीन घेऊन द्या म्हणले असते. गेले नसते."