सोळाच्या नळीला अठराचा साचा

सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याला जी गावं आहेत, तिथे बंदूक हे शिकारीपेक्षा राखणीचं हत्यार. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून ठेवतो. मांगरात जागणारा माणूस डबा वाजवतो, शेकोटी पेटवतो, हाकारे घालतो. एवढ्याने भागलं नाही तर बार काढतो. ही बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग गोळी किंवा छरे, पुन्हा बोळा, आणि शेवटी कानावर केप चढवायची. एक बार भरायला मिनिट तरी जातं. तेवढ्यात डुक्कर दुसऱ्या कुणग्यात पोचलेलं असतं.

या बंदुकांच्या गोष्टी आमच्याकडे वाडीवाडीत सांगतात. कुणाची लांब नळीची, कुणाच्या दस्त्यावर चांदीची फुली. पण गोळीच्या साच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक या बंदुकीला कारखान्यातलं काडतूस चालत नाही. गोळी घरीच ओतायची, म्हणजे साचा आलाच. आणि चुकीचा साचा घरात आला तर तो डुकराआधी माणसाचं नुकसान करी.

माझे आजोबा परवानाधारक. साठीच्या दशकात त्यांच्या जुन्या बंदुकीची नळी आतून खाऊन गेली, तेव्हा त्यांनी रीतसर दुसरी घेतली. घरात आधीचे दोन साचे होते. एक शंखजिऱ्याच्या दगडाचा, दोन फाळक्यांचा, दोरीने बांधायचा. दुसरा गावच्या लोहाराने केलेला, चिमट्यासारखा, लोखंडी. नव्या बंदुकीबरोबर बाजारातल्या दुकानदाराने तिसरा पुढे केला, पितळी. त्यावर १६ चा आकडा ठोकलेला. बंदूकही सोळा बोअरची. दुकानदार म्हणाला, जोडी जमली.

आजोबांनी तो घेतला नाही. का घेतला नाही, हे समजायला त्या आकड्याचा अर्थ कळायला हवा. बोअर म्हणजे इंच नव्हे आणि मिलिमीटरही नव्हे. एक रत्तल शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती सोळा बोअरची नळी. बारा केल्या तर बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. आजच्या मापात बाराची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, सोळाची १६.८, विसाची १५.६. देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजनं आली आणि दुकानांतून रत्तल गेला, तरी बंदुकीच्या नळीत तो अजून शिल्लक आहे.

आता सोळाच्या नळीत सोळाची गोळी नेमकी बसते, आणि तीच मेख आहे. काळी दारू जळली की नळीत काजळीचा जाड थर धरतो. दोन-तीन बार झाले की नळी तेवढी अरुंद होते. शिवाय हाताने केलेल्या नळ्या तोंडाशी एक मापाच्या, मध्ये दुसऱ्या. नेमकी गोळी अशा नळीत अर्ध्यावर अडकते. खाली दारू, वर गोळी आणि मध्ये पोकळी राहिली, त्यात घोडा पडला, की नळी फाटते. पलीकडच्या वाडीतल्या एका गृहस्थांची डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली होती. साचा शेजाऱ्याकडून मागून आणलेला, त्याच आकड्याचा. आजोबा त्यांचं नाव काढून सांगत, "सोळाच्या नळयेक अठराचो साचो. जागा ठेवूक होयी."

अठराची गोळी म्हणजे साधारण १६.२ मिलिमीटर. नळी आणि गोळी यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडं अधिक अंतर. ते बोळ्याने भरून निघतं.

हे शहाणपण काही आमच्या गावाचं नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे जी 'ब्राउन बेस' बंदूक होती, तिची नळी पाऊण इंचाची, म्हणजे साधारण अकरा बोअर. गोळी मात्र रत्तलाला चौदाच्या आसपास भरणारी. शिपायाला भर लढाईत झटपट बार भरता यावा म्हणून ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली. नेम त्यामुळे कच्चा राही, पण शेकडो बंदुका एकदम सुटत, तिथे एकेकाच्या नेमाला फार किंमत नव्हती. पलटणीचा दुसरा फायदा असा की सगळ्या बंदुका एका मापाच्या, म्हणून गोळी कुणाचीही कुणालाही चाले. गावात प्रत्येक बंदूक वेगळी, म्हणून साचाही ज्याचा त्याचा.

तोड्याच्या बंदुकांच्या काळात तर हा फरक अधिकच असणार. त्या काळी शिसं ही मोलाची चीज होती, कोकणात त्याच्या खाणी नाहीत. १६७३ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ऐंशी तोफा आणि बंदुकांना पुरेल एवढं शिसं घेतल्याचं इंग्रज इतिहासकार ऑर्मने लिहून ठेवलं आहे. तोफांची नोंद सगळे वाचतात. मला त्यातलं शिसं महत्त्वाचं वाटतं. ते वितळवून गोळ्या ओतणारे हात कुठे तरी बसलेच असतील.

इंग्रजांना हे बरोबर ठाऊक होतं. १८४४ मध्ये गडकऱ्यांचं बंड कोल्हापुरातून सावंतवाडीपर्यंत पसरलं. पुढे १८५७ झालं. त्या वेळची एनफील्ड बंदूकही ठासणीचीच, पण नळीत आटे असलेली, ०.५७७ इंचाची. ज्या चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला ती याच बंदुकीची. त्यानंतर देशभर हत्यारं गोळा करण्याचे कायदे आले, आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. त्यात बंदुकीला परवाना लागलाच, पण शिसं, गंधक आणि सोरा यांनाही कलमं लावण्याची मुभा सरकारने हाताशी ठेवली. सरकारची धास्ती नळीपुरती नव्हती. चुलीवरच्या कढईचीही होती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात शेताच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांनी मांगरात जागणाऱ्या माणसाची दखल घेतली, याचं आजोबांना फार कौतुक. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजोबा ती खांद्यावर टाकून चालत जात, पावती घेऊन येत आणि ओसरीवर बसून म्हणत, "बंदूक सरकाराची, साचो आमचो."

तर तो साचा शेवटी कोणता? माप लोहाराने काढलं. बंदूक रिकामी आणि कान मोकळा असल्याची आधी खात्री केली. नळी उकळत्या पाण्याने धुऊन सुकवली. गजाला फडकं गुंडाळून वरपासून तळापर्यंत फिरवलं. जिथे हाताला जड लागलं तिथे गजावर खूण केली. तोंडाशी मेणाचा ठसा घेतला. तोंडाच्या मापावर साचा करायचा नाही, नळीतल्या सर्वांत अरुंद जागेच्या मापावर करायचा, हा त्याचा नियम. मग तीन साच्यांचा विचार झाला. दगडी साचा स्वस्त आणि गंजत नाही, पण त्याच्या कडा झिजतात आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. तापलेल्या शिशाला पाण्याचा थेंब भेटला की शिसं अंगावर उडतं. लोखंडी साचा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण आमच्या हवेत तेलाचा हात न चुकता फिरवावा लागतो. पितळ लवकर आणि सारखं तापतं, गंजत नाही, फक्त आपटू द्यायचं नाही. आजोबांनी पितळी ठरवला. लोहार पितळाचं काम करत नसे, म्हणून तो तांबटाकडून करवून घेतला आणि आतली वाटी लोहाराने स्वतः घासून मापाला आणली.

शिसं येई किनाऱ्यावरून. फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात; जुनं जाळं मोडलं की ते मोडीत मिळत. नखाने ओरखडा उठला तर शिसं मऊ आणि चांगलं. मोटारीच्या बॅटरीतलं शिसं आजोबा घेत नसत. ते कडक असतं, आणि वितळताना त्याचा धूर वाईट.

ओतण्याचा दिवस कोरड्या थंडीतला. जागा आजीने ठरवलेली, खळ्याच्या टोकाला, वारा घरापासून बाहेर वाहील अशी. "ती कढई माझ्या चुलीक लावूची नाय," हा तिचा कायदा, आणि त्यात सवलत नव्हती. कढई गोठ्याच्या वळचणीला वेगळी टांगलेली. आम्हां पोरांना खळ्याच्या गडग्यापलीकडे उभं राहावं लागे. शिशाचं विष अंगात साठत जातं आणि मुलांना अधिक बाधतं, हे आता डॉक्टर सांगतात. आजीला ते कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पण तिचं बरोबर होतं.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. साच्याच्या वाटीला दिव्याची काजळी धरायची, मग ओतायचं. पहिल्या चार-पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा थंड असतो. त्या परत कढईत. नंतर गुळगुळीत येऊ लागतात. देठ कापायचा, शिवण घासायची. शेवटी अठरा गोळ्या मोजून वाण्याच्या तराजूत घालायच्या आणि जुन्या रत्तलाच्या वजनाशी जोखायच्या. काटा सरळ राहिला की साचा पास.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि डुकरावर बार काढायलाही परवानगी लागू लागली. हळूहळू बार हवेत निघू लागले, मग तेही थांबले. आजोबा गेल्यावर बंदूक रीतसर जमा झाली. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नव्हे. डुकरं मात्र आहेत, पूर्वीपेक्षा धीट. आज शेतकरी नुकसानभरपाईचे अर्ज भरतो, नाहीतर पायथ्याचा कुणगा पडीक टाकतो.

लोखंडी साचा किनाऱ्यावरच्या ओळखीच्या घरी गेला. तिथे गोळीला खाच पाडून ती जाळ्याच्या दोरीवर ठोकतात. दगडी साच्याचं एक फाळकं हरवलं. पितळी साचा मोडीवाल्याने वजनावर मागितला होता, वडिलांनी दिला नाही. त्यावर आकडा नाही, नुसत्या लोहाराच्या कानशीच्या रेघा आहेत.