न्यूट्रॉन ताऱ्याचा नाद आणि पुण्यातला १९९१ चा पेपर

पीएचडीचा विषय निवडताना तुम्हालाही हा प्रश्न पडेल: ज्याचा डेटाच आलेला नाही, त्यात पाच वर्षं घालायची का? महालातल्या आमच्या घरीही हेच विचारतात. म्हणून थोडा इतिहास बघू.

न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जास्त वस्तुमान जेमतेम पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेलं. धक्का बसला की तो घंटेसारखा थरथरतो आणि गुरुत्वीय लहरी सोडतो. किप थॉर्न आणि कॅम्पोलाटारो यांनी या थरथरण्याचं सापेक्षतावादी गणित १९६७ मध्ये मांडलं. पहिल्या पल्सारची बातमी छापून आली १९६८ मध्ये! पुढे १९९८ मध्ये अँडरसन आणि कोकोटास यांनी दाखवलं की मूळ कंपनाची वारंवारिता जवळपास सरासरी घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. वस्तुमान माहीत असेल, तर स्वरावरून त्रिज्या काढता येते.

पण ऐकायचं कसं? बडकस चौकात संध्याकाळी उभे राहा. त्या कलकलाटातही ओळखीची हाक कळते, कारण ती कशी असेल हे कानाला आधीच ठाऊक असतं. हेच तत्त्व वापरून आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरी गोंगाटातून वेगळ्या काढायला कोणते साचे घ्यायचे, हे मांडलं. तेव्हा लायगोचं बांधकामही सुरू झालं नव्हतं. पहिली लहर सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. चोवीस वर्षं!

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकले. धडकेआधीची लहर स्पष्ट मिळाली. नंतरचा नाद मात्र सापडला नाही. तो साधारण दीड ते चार हजार हर्ट्झमध्ये असतो, आणि तिथे लेझरच्या फोटॉनसंख्येतल्या चढउताराचाच गोंगाट जास्त. शिवाय आतल्या द्रव्याचं समीकरण माहीत नसल्यामुळे नेमका साचाही नाही. म्हणजे १९९१ ची युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही. खरी मेख इथंच आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यानं आकाशातली दिशा बरीच नेमकी कळेल, पण फक्त त्याच्या जोरावर हा नाद ऐकू येईल असं समजू नका जी. त्यासाठी आइन्स्टाइन टेलिस्कोपसारखे पुढच्या पिढीचे शोधक लागतील. ते अजून कागदावर आहेत, अन् साचे आत्ताच लागतात.